जुन्या डिझेल गाडीची रेस खाली उतरत नसेल तर: आयडलिंगचा स्क्रू फिरवण्याआधीची तपासणी

इंजिन चांगले गरम झाले आहे, पाय एक्सलरेटरवर नाही, गाडी न्यूट्रलमध्ये उभी आहे आणि तरीही रेस, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे, अकराशे-बाराशेवरून खाली यायला तयार नाही, अशी तक्रार जुन्या डिझेल गाड्यांच्या मालकांकडून वारंवार ऐकू येते. पुढचा क्रमही बहुधा ठरलेला असतो. गॅरेजवाला बॉनेट उघडतो, डिझेल पंपावरचा आयडलिंगचा (पाय न देता इंजिन ज्या किमान वेगाने चालते त्याचा) स्क्रू अर्धा फेरा मागे घेतो, इंजिन शांत होते आणि गाडी घरी जाते. काही दिवसांनी एक तर रेस पुन्हा चढते, नाहीतर पहाटेच्या गारठ्यात गाडी सुरू होऊन लगेच बंद पडू लागते, आणि मग तोच स्क्रू पुन्हा पुढे घेतला जातो. या तक्रारीत स्क्रू हा मूळ दोषी जवळजवळ कधीच नसतो, कारण लॉकनटने आवळलेला स्क्रू आपोआप फिरत नाही. रेस कधी चढते आणि कधी चढत नाही, हा फरक दुसऱ्याच कोणत्यातरी भागामुळे पडत असतो आणि तो भाग सापडेपर्यंत स्क्रूला हात न लावणे हेच शहाणपणाचे.

येथे विचार केला आहे तो यांत्रिक पंप असलेल्या गाड्यांचा. प्यूजोचे १५२७ सीसीचे टीयूडी५ इंजिन बसवलेल्या झेन आणि एस्टीम डिझेल, तेच इंजिन असलेली आणि कल्याणच्या कारखान्यात बनलेली प्यूजो ३०९, इसुझुचे दोन लिटरचे इंजिन असलेली डिझेल अॅम्बॅसॅडर, १९९८ च्या अखेरीस आलेली पहिल्या पिढीची इंडिका, अशा गाड्या अजूनही कोणाकोणाच्या दारात उभ्या आहेत आणि नीट चालतही आहेत. त्यांत डिझेल किती सोडायचे हे संगणक ठरवत नाही. पंपाच्या पोटातला गव्हर्नर (वेग पाहून डिझेल कमी-जास्त करणारी यंत्रणा) आणि पंपाबाहेरचा लिव्हर मिळून ठरवतात. पंप बहुधा रोटरी प्रकारचा, म्हणजे बॉशच्या व्हीई जातीचा किंवा लुकासचा असतो. मोटर इंडस्ट्रीज कंपनीचे नाव २००८ मध्ये बदलून बॉश झाले, तरी गॅरेजमध्ये आजही ‘मायको पंप’च म्हणतात. कॉमन रेल इंजिनांचा विषय वेगळा आहे. तिथे रेस चढवण्याचा निर्णय ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक घेतो आणि पहिले काम त्यातले दोष वाचणारा स्कॅनर लावण्याचे असते.

एक सूचना सुरुवातीलाच द्यायला हवी. रेस एका आकड्यावर अडकून न राहता आपोआप वाढत चालली असेल आणि सोबत निळसर-पांढरा धूर येत असेल, तर खालची कोणतीही तपासणी न करता आधी ‘रेस आपोआप वाढत असेल तर’ हा भाग वाचावा.

डिझेलमध्ये रेस म्हणजे इंधनच

पेट्रोल गाडीच्या अनुभवावरून डिझेलचा दोष शोधायला गेले की दिशाभूल होते. पेट्रोल इंजिनात इनटेकच्या (हवा आत येण्याच्या मार्गाच्या) गॅस्केटमधून किंवा फाटलेल्या व्हॅक्यूम नळीतून जादा हवा शिरली की आयडलिंग चढते, त्यामुळे तिथे हवेची गळती शोधणे योग्यच असते. यांतल्या बहुतेक डिझेल इंजिनांना मात्र हवा अडवणारी फुलपाखरू झडपच नसते. हवा नेहमी पूर्ण आत जाते आणि वेग ठरतो तो फक्त किती डिझेल फवारले गेले यावरून. म्हणून इनटेकच्या रबरी नळीला चीर गेली असेल तर धूळ आत जाऊन इंजिन झिजेल, पण त्यामुळे रेस चढणार नाही. रेस चढली याचा अर्थ एवढाच की आयडलिंगला लागते त्याहून जास्त इंधन सिलिंडरमध्ये पोहोचत आहे. ते पोहोचवणारे दोनच: एक तर बाहेरून कोणीतरी लिव्हर ओढून धरला आहे, नाहीतर लिव्हर जागेवर असूनही पंप आतून जास्त देत आहे. तिसरी शक्यता डिझेलऐवजी इंजिन ऑइल जळण्याची, आणि तीच धोक्याची.

तपासणीआधी रेस खरोखर किती आहे हे मोजायला हवे, कारण जुन्या डिझेलचा आवाज कानाला फसवतो आणि इंजिन माउंट (इंजिन ज्यांवर टेकते ते रबरी आधार) दबून गेलेले असले की साडेआठशेची रेससुद्धा हजाराची वाटते. यांतल्या अनेक गाड्यांना टॅकोमीटर नाही आणि स्पार्क प्लग नसल्यामुळे पेट्रोलचा टॅकोमीटर इथे लागू पडत नाही. क्रँक पुलीवर चमकत्या टेपचा तुकडा चिकटवून हातातल्या फोटो टॅकोमीटरने मोजणे सर्वांत सोपे. तो नसेल तर मोबाइलवर आवाजाची वारंवारता दाखवणारे एखादे अॅपही चालते: चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात, म्हणून ८५० च्या रेसला सुमारे २८ हर्ट्झचा ठोका दिसतो आणि १२०० ला बरोबर ४०. या गाड्यांचे आयडलिंग साधारण ८०० ते ९०० च्या दरम्यान असते, पण नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तिकेतूनच घ्यावा.

लिव्हर कुठे टेकला आहे

संपूर्ण तपासणीचा कणा म्हणजे ही एक पाहणी. गाडी सपाटीवर, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलमध्ये, रेडिएटरचा पंखा एकदा सुरू होऊन थांबण्याइतके इंजिन गरम, एसी बंद. शर्टाच्या बाह्या आणि गळ्यातला मफलर किंवा ओढणी आवरून घ्यावी, कारण पट्टा आणि पंखा दोन्ही जवळच फिरत असतात, आणि विजेवरचा पंखा न सांगता सुरू होतो. आता टॉर्च लावून पंपाच्या बाजूचा तो लिव्हर पाहावा ज्याला एक्सलरेटरची केबल जोडलेली आहे. पाय सोडल्यावर तो ज्या स्क्रूच्या टोकावर टेकायला हवा, तिथे खरोखर टेकला आहे का? डोळ्याला दिसत नसेल तर वहीच्या कागदाची अरुंद पट्टी त्या फटीत घालून पाहावी. पट्टी अडकली तर लिव्हर टेकलेला आहे. ती सहज आरपार सरकली तर कोणीतरी लिव्हर धरून ठेवला आहे.

यात एक बारकावा आहे. प्यूजो इंजिनांवरच्या बॉश पंपाला एक नव्हे, दोन लिव्हर असतात: मोठा एक्सलरेटरचा आणि त्याच्याजवळचा छोटा आयडलिंगचा, ज्याला थंड इंजिनासाठीची पातळ केबल जोडलेली असते. मोठा लिव्हर जागेवर दिसला म्हणून समाधान मानले आणि छोटा ओढलेलाच राहिला, तर तपास चुकीच्या वाटेला लागतो आणि पंप विनाकारण खाली उतरतो. म्हणून दोन्ही लिव्हर एकेक करून बोटाने हलकेच त्यांच्या थांब्याकडे दाबून पाहावेत. दाबताच रेस खाली आली तर पंप निर्दोष आहे, दोष बाहेर आहे.

बाहेरचा दोष: केबल, स्प्रिंग आणि माउंट

सर्वांत आधी एक्सलरेटरची केबल लिव्हरवरून सोडवावी. रेस लगेच उतरली तर केबल किंवा पेडल दोषी ठरले. पेडलखाली जाड मॅट अडकणे ही गोष्ट हास्यास्पद वाटेल इतकी साधी आहे, पण ती आधी पाहावी. त्यानंतर केबलचे आवरण एक्झॉस्टजवळून जाते का ते पाहावे. आतली प्लॅस्टिकची नळी वितळून तारेला धरू लागली असेल तर थंड असताना केबल मोकळी वाटते आणि अर्ध्या तासाच्या प्रवासानंतरच अडकते. कोकणात आणि गोव्यात समुद्राच्या खाऱ्या हवेत राहिलेल्या गाड्यांत बहुधा तारेपेक्षा लिव्हरचा दांडाच गंजून जड झालेला असतो आणि परतीची स्प्रिंग अशक्त असते. तिथे केबल सोडल्यावरही लिव्हर हळूहळू परततो किंवा वाटेत थांबतो. दांड्याच्या मुळाशी गंज काढणारे तेल मारून लिव्हर अनेकदा पूर्ण पुढे-मागे करावा. तेवढ्याने काम झाले तरी पंप तिथून डिझेल पाझरतो का हे मात्र पुढचे काही दिवस पाहत राहावे, कारण गंजाने खरडलेला दांडा आतली रबरी रिंग कापतो.

माउंटचा दोष ओळखणे मजेशीर आहे. केबलचे एक टोक बॉडीला आणि दुसरे इंजिनावरच्या पंपाला असते, म्हणून माउंट दबून इंजिन कलले की केबल आपोआप ताणली जाते. अशा गाडीत रेस इंजिनाच्या तापमानाशी नव्हे, तर इंजिनावरच्या जोराशी बदलते: रिव्हर्स टाकून क्लच अर्धा सोडला की एक आवाज आणि पहिला गिअर टाकला की दुसरा. केबलला थोडी ढील देऊन लक्षण जात असेल तर केबल नव्हे, माउंट बदलावे.

थंड इंजिनाची यंत्रणा, आणि काढून टाकलेला थर्मोस्टॅट

थंड डिझेल इंजिन कमी वेगावर थरथरते आणि बंद पडते, म्हणून सुरुवातीची काही मिनिटे रेस थोडी चढवून ठेवण्याची सोय केलेली असते. प्यूजोच्या इंजिनात ती अशी: कूलंटच्या वाटेत मेणाने भरलेली एक धातूची कॅप्सूल असते आणि तिच्यातून निघालेली पातळ केबल पंपावरच्या छोट्या लिव्हरला जोडलेली असते. मेण थंड असताना आकसलेले असते आणि केबल ताणलेली राहून लिव्हर ओढून धरते. कूलंट तापले की मेण फुगते, केबल ढिली पडते आणि लिव्हर जागेवर येतो. कॅप्सूल फुटून मेण बाहेर गेले तर ती कायम आकसलेलीच राहते, म्हणजे इंजिनाच्या दृष्टीने सकाळ कधी संपतच नाही. इतर काही जपानी इंजिनांत हेच मेणाचे उपकरण थेट पंपाच्या अंगावर बसवलेले असते आणि त्याला कूलंटच्या दोन बारीक नळ्या येतात. तत्त्व तेच.

तपासणी सोपी आहे. रात्रभर उभ्या गाडीत पातळ केबलच्या तारेवर, आवरण संपते तिथे, पेनाने खूण करावी. इंजिन पूर्ण तापल्यावर ती खूण किती सरकली ते पाहावे. साधारण सहा मिलिमीटर किंवा त्याहून अधिक सरकायला हवी आणि गरम अवस्थेत बोटाने केबल हलवली तर ती ढिली लागायला हवी. खूण जागची हललीच नाही, तर पुढचा प्रश्न कॅप्सूल खराब आहे का हा नाही. कॅप्सूलपर्यंत उष्णता पोहोचते आहे का, हा आहे.

इथे आपल्याकडची एक जुनी सवय आडवी येते. उन्हाळ्यात गाडी तापली की थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून फेकून द्यायचा आणि त्याला ‘आपल्या हवेला लागत नाही’ असे प्रमाणपत्र द्यायचे, हे अनेक गॅरेजमध्ये अजूनही चालते. थर्मोस्टॅट नसला की कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरते आणि महामार्गावरच्या वाऱ्यात, विशेषतः हिवाळ्याच्या रात्री किंवा घाट उतरताना, इंजिन कधीच हवे तेवढे तापत नाही. मग निर्दोष कॅप्सूलसुद्धा मेण आकसून बसते आणि टोलनाक्यावर थांबताच रेस चढलेली सापडते. तीच गाडी दुपारी शहराच्या गर्दीत अर्धा तास रांगली की रेस आपोआप उतरते, आणि दोष ‘कधी येतो, कधी जातो’ म्हणून गूढ वाटू लागतो. तापमानाचा काटा नेहमी खालच्या चतुर्थांशात राहत असेल आणि वरची रेडिएटर नळी इंजिन सुरू केल्यावर लगेच कोमट होऊ लागत असेल, तर थर्मोस्टॅट नाही किंवा उघडाच अडकला आहे असे समजावे. या इंजिनांचे थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८९ अंशांदरम्यान उघडू लागतात, आणि त्याआधी वरची नळी गार राहायला हवी. नवा थर्मोस्टॅट ही स्वस्तातली दुरुस्ती आहे आणि तिने रेसबरोबर अॅव्हरेजही सुधारते, कारण थंड डिझेल इंजिन जास्त इंधन पिते.

दुसरी शक्यता कूलंट कमी असण्याची किंवा आत हवा अडकण्याची. कॅप्सूल बसते ते ठिकाण बहुतेकदा कूलंटच्या मार्गात उंचावर असते, म्हणून पातळी थोडी जरी खाली गेली तरी तिच्याभोवती पाण्याऐवजी वाफ किंवा हवा राहते. नळी किंवा वॉटर पंप बदलल्यानंतर लगेच रेसची तक्रार सुरू झाली असेल तर हवा नीट काढली गेली नाही असा संशय आधी घ्यावा. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये, हे पुन्हा सांगावेसे वाटते, कारण घाईत हात भाजल्याची उदाहरणे प्रत्येक गॅरेजात आहेत.

एसीच्या आयडल-अपचा दोष

एसीचा कॉम्प्रेसर इंजिनावर भार टाकतो, म्हणून एसी लावला की रेस थोडी चढवणारी एक व्हॅक्यूमची डबी अनेक गाड्यांत पंपाजवळ असते. डिझेल इंजिनाच्या इनटेकमध्ये पुरेसा व्हॅक्यूम तयार होत नसल्याने तो वेगळ्या पंपातून येतो. इंडिका किंवा सुमोमध्ये हा पंप अल्टरनेटरच्या मागे जोडलेला असतो आणि ब्रेकचा बूस्टरही त्याच्यावरच चालतो. एसीचे बटण दाबले की एक छोटा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघड-बंद होणारी झडप) उघडतो, व्हॅक्यूम डबीत जातो, डबीतला पडदा दांडी ओढतो आणि दांडी लिव्हरला.

एसी बंद असताना डबीवरची नळी उपटावी आणि तिचे तोंड बोटाने दाबावे. रेस उतरली आणि बोटाला ओढ जाणवली, तर बंद असायला हवा तो व्हॅक्यूम चालूच आहे. त्याची दोन कारणे. एक विजेचे: रिले चिकटला असेल किंवा सोलेनॉइडला एसी बंद असतानाही करंट मिळत असेल, जे टेस्ट लॅम्पने लगेच कळते. दुसरे कारण अधिक छुपे आहे. सोलेनॉइड बंद झाल्यावर डबीत अडकलेला व्हॅक्यूम निघून जावा म्हणून त्याला बाहेरच्या हवेचे एक छोटे तोंड असते आणि त्यावर स्पंजचा बारीक फिल्टर. पावसाळ्यात चिखलाचे शिंतोडे त्या स्पंजवर वाळून सिमेंटसारखे घट्ट होतात. मग एसी बंद केल्यावरही डबीतला व्हॅक्यूम सुटत नाही, आणि लिव्हर ओढलेलाच राहतो. रात्रभरात तो झिरपून जातो, म्हणून सकाळी गाडी शहाण्यासारखी वागते आणि दुपारी एसी एकदा लावला की पुन्हा बिघडते. ‘गॅरेजमध्ये नेली की बरी असते’ या प्रकारच्या तक्रारींत मी तरी या स्पंजकडे आधी पाहतो. तो नखाने उकरून काढला की मागे पिवळसर मातीचा साचा निघतो आणि डबीची दांडी ‘खट्’ आवाज करून मागे जाते. ही चाचणी गाडी उभी असतानाच करावी, कारण नळी उघडी ठेवून गाडी चालवली तर ब्रेकचा व्हॅक्यूमही कमी होतो.

लिव्हर जागेवर आहे, तरीही रेस चढलेली

आता बाहेरचे सर्व मोकळे करून लिव्हर थांब्यावर पक्के टेकले आणि रेस तरीही जास्त, असे ठरले तर पंपावर यावे. यंत्र पाहण्याआधी इतिहास विचारावा. गाडी नुकतीच विकत घेतली असेल तर आधीच्या मालकाने ‘पिकअप वाढवून घेतला’ होता का? पंपाच्या मागच्या बाजूला, बहुधा शिसे किंवा धातूच्या कड्याने सील केलेला एक स्क्रू असतो जो पूर्ण भाराचे इंधन ठरवतो. तो आत घातला की गाडीला खेच येते, धूर काळा होतो आणि त्याच्याबरोबर आयडलिंगही चढते. मग आयडलिंगचा स्क्रू मागे घेऊन रेस उतरवली जाते. असे दोन-तीनदा झाले की आयडलिंगचा स्क्रू लिव्हरला टेकतच नाही, गव्हर्नरची आयडलिंगची स्प्रिंग तिच्या कामाच्या कक्षेबाहेर जाते आणि एक्सलरेटर सोडल्यावर रेस अर्ध्यावर लटकत राहते. सील तुटलेले दिसले किंवा त्या स्क्रूवर पान्याचे ताजे ओरखडे असले तर हेच कारण धरून चालावे. हा स्क्रू घरी जुळवण्याचा नाही. पंप कॅलिब्रेशनच्या बाकावर मोजूनच ठरवायचा असतो. अशी गाडी पीयूसीलाही त्रास देते, कारण डिझेलची चाचणी फ्री अॅक्सिलरेशनमध्ये, म्हणजे न्यूट्रलमध्ये एकदम रेस देऊन, धुराची अपारदर्शकता मोजते आणि बीएस-४ पूर्वीच्या गाड्यांना ६५ एचएसयूची (धुराच्या दाटपणाचे एकक) मर्यादा आहे.

परतण्याची गती हेही चांगले लक्षण आहे. प्यूजोच्या इंजिनात अँटी-स्टॉल नावाचा वेगळा स्क्रू असतो, जो पाय अचानक सोडल्यावर इंजिन बंद पडू नये म्हणून थोडे उरलेले इंधन चालू ठेवतो. गरम इंजिन ३००० पर्यंत चढवून एकदम सोडावे: अडीच ते साडेतीन सेकंदांत रेस खाली यावी, आयडलिंगच्या किंचित खाली जाऊन पुन्हा जागेवर बसावी. पाच-सहा सेकंद लागत असतील तर हा स्क्रू लिव्हरकडे जास्त आला आहे, आणि खाली येताना इंजिन आचके देऊन बंद पडत असेल तर तो जास्त दूर गेला आहे. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नये आणि प्रत्येक वेळी आयडलिंग पुन्हा तपासावे, कारण हे दोन्ही स्क्रू एकमेकांवर परिणाम करतात. बॉश आणि लुकास पंपांची या जुळणीची रीत आणि लिव्हरखाली ठेवायच्या शिमची (मापाच्या पातळ पट्टीची) जाडी वेगवेगळी आहे, म्हणून पंपावरची पाटी वाचून आपल्या पंपाचीच पुस्तिका पाहावी.

रेस एकसारखी चढलेली नसून वर-खाली होत असेल, तर पंप एअर घेतो का ते पाहावे. पंपाकडे येणाऱ्या आणि परत जाणाऱ्या नळ्यांच्या जागी तात्पुरती पारदर्शक नळी लावली की बुडबुडे दिसतात. संशयाच्या जागा ठरलेल्या आहेत: फिल्टरवरचा हातपंप, फिल्टरची रबरी रिंग, टाकीपासून आलेल्या नळ्यांचे क्लॅम्प आणि लिव्हरच्या दांड्याची रिंग. पंप नुकताच खोलला गेला असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी. व्हीई पंपाच्या परतीच्या नळीचा पोकळ बोल्ट दिसायला डिझेल आत आणणाऱ्या नळीच्या बोल्टसारखाच असतो, पण त्यावर ‘आऊट’ कोरलेले असते आणि त्याचे छिद्र फार बारीक असते, कारण पंपाच्या पोटातला दाब त्या छिद्रावर अवलंबून असतो. दोन्ही बोल्टांची अदलाबदल झाली की दाब बिघडतो, त्याबरोबर टायमिंग बिघडते, आणि मग कोणताही स्क्रू फिरवून इंजिन सुरळीत चालत नाही.

हे सर्व निर्दोष निघाले तर गव्हर्नरची फिरती वजने, त्यांची बाही किंवा स्प्रिंग झिजली आहे, नाहीतर डिझेलमधल्या पाण्याने आत गंज धरला आहे. पावसाळ्यात फिल्टरच्या तळातले पाणी न काढलेल्या गाड्यांत हे जास्त दिसते. इथे पंप लॅबकडे पाठवणेच बरे. पाठवताना ‘रेस जास्त आहे’ एवढेच न सांगता गरम असताना किती, थंड असताना किती, परतायला किती वेळ लागतो आणि लिव्हर थांब्यावर टेकतो हे लिहून द्यावे. त्याने बाकावरचा बराच वेळ वाचतो.

एक अपवाद मात्र सांगायला हवा. जुन्या मर्सिडीजच्या ओएम ६१६ सारख्या काही डिझेलांत गव्हर्नर व्हॅक्यूमवर चालणारा असतो आणि त्यांच्या इनटेकमध्ये झडप असते. तिथला व्हॅक्यूम एक चामड्याचा किंवा रबराचा पडदा ओढून इंधन कमी करतो. पडदा फाटला किंवा नळी निसटली की इंधन कमी करणारा जोरच नाहीसा होतो आणि स्प्रिंग पंपाला पूर्ण इंधनाकडे ढकलते. अशा इंजिनात व्हॅक्यूमची गळती हीच पहिली संशयित आहे, आणि वर सांगितलेला डिझेल-पेट्रोलचा फरक इथे उलटतो.

रेस आपोआप वाढत असेल तर

किल्ली बंद केली की स्टॉप सोलेनॉइड पंपातले डिझेल तोडतो. किल्ली बंद करूनही इंजिन चालूच राहिले किंवा चढतच गेले, तर ते बहुधा स्वतःचेच ऑइल जळवत आहे. ते ऑइल टर्बोच्या सीलमधून किंवा ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या) नळीतून इनटेकमध्ये येते. अशा वेळी गाडीत बसलेल्याने सर्वांत वरचा गिअर टाकावा, ब्रेक पूर्ण दाबून धरावा आणि क्लच सोडून इंजिन बळाने बंद पाडावे. बाहेर असल्यास एअर फिल्टरच्या नळीचे तोंड सपाट फळीने झाकावे; हात किंवा कापड चालणार नाही, ते आत ओढले जाते. इंजिनाच्या बाजूला उभे राहू नये.

बंद पडल्यावर पहिली गोष्ट म्हणजे डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) काढून पाहणे. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेलेली असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर डिझेल ऑइलमध्ये उतरत आहे: गिअरवर चालणाऱ्या पंपांत त्याच्या पुढच्या सीलमधून, आणि इंजिनावर यांत्रिक लिफ्ट पंप (टाकीतून डिझेल खेचणारा) असेल तर त्याच्या फाटलेल्या पडद्यातून. पट्ट्यावर चालणाऱ्या पंपाचे सील फुटले तर डिझेल बाहेर गळते, ऑइलमध्ये जात नाही. पातळी बरोबर असेल तर टर्बोची आणि इनटेकची नळी काढून आत ऑइलचे डबके आहे का पाहावे. हे दोन्ही तपासल्याशिवाय इंजिन पुन्हा सुरू करू नये.

दोष दूर झाल्यावरची जुळणी

मूळ कारण सापडून दुरुस्त झाल्यावर आयडलिंगचा स्क्रू हमखास जुळवावा लागतो, कारण आधीच्या फिरवाफिरवीत तो जागेवर राहिलेला नसतो. इंजिन पूर्ण गरम, रेडिएटरचा पंखा थांबलेला, एसी, दिवे आणि मागच्या काचेचा हीटर बंद, दोन्ही केबलना थोडी ढील, आणि आयडल-अपची दांडी लिव्हरपासून मोकळी, अशा स्थितीत पुस्तिकेतल्या आकड्यावर रेस आणून लॉकनट आवळावा. आवळताना स्क्रूही फिरतो, म्हणून नंतर पुन्हा मोजावे. मग एसी लावून आयडल-अपची दांडी तिच्या स्वतःच्या स्क्रूने जुळवावी. एसीसाठीची वाढ आयडलिंगच्या स्क्रूवर कधीही भरून काढू नये, नाहीतर एसी बंद केल्यावर तीच तक्रार परत येते.

शेवटची तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी करायची. थंड इंजिन सुरू केल्यावर रेस नेहमीच्या आयडलिंगपेक्षा थोडी वर असावी आणि काटा वर येऊ लागला की हळूहळू खाली यावी. ती सुरुवातीपासूनच खाली असेल आणि इंजिन थरथरत असेल तर मेणाच्या कॅप्सूलची केबल जास्त ढिली ठेवली गेली आहे. तिच्या जुळणीचा नट थंड इंजिनावरच थोडा घट्ट करून, गरम झाल्यावर ती पुन्हा ढिली पडते का ते पाहावे.